हवेच्या फुग्यांवर उभे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, एअर सस्पेन्शनविषयी (गाडीचा भार पेलणाऱ्या हवेच्या फुग्यांविषयी) या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेले बाकीच्यांनाही लागणारे आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. जुन्या बसच्या चॅसिसवर बांधलेले एक मोटरहोम आम्ही दोघा भावांनी गेल्या दिवाळीत विकत घेतले. गाडीला कमानपाटे (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा) नसून हवेचे फुगे आहेत. चालकाच्या हाताशी पुढचा भाग, मागची डावी बाजू आणि मागची उजवी बाजू वर-खाली करणारी बटणे आहेत, शिवाय 'प्रवास' असे लिहिलेले एक वेगळे बटण आहे. 'बटण दाबले की गाडी सरळ होते', एवढेच विकणाऱ्याने सांगितले. आषाढात काटोलजवळ मेहुण्यांच्या संत्र्याच्या बागेशेजारी आम्ही मुक्काम केला. रात्री गाडी बटणांनी सरळ केली होती. सकाळी पाहतो तर ती मागच्या डाव्या अंगाला झुकलेली, गॅसवरचा फ्रीज आतून कोमट आणि मागचे डावे चाक चार बोटे रुतलेले. घाईने इंजिन सुरू करून निघालो, तर डांबरी सडक लागेपर्यंत मागून खाडखाड आवाज येत राहिला. फुग्यातून हवा गळते काय? आणि ही यंत्रणा वापरायची तरी कशी? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : फुगा गळाला असता तर गाडीचा सांगाडा खाली आला असता, चाक मातीत गेले नसते. चाक चार बोटे रुतले असे आपणच लिहिता. तेव्हा त्या रात्री दोष जमिनीचा होता, हवेचा नव्हे. मात्र सकाळच्या खाडखाडीचा दोष जमिनीकडे जात नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी या यंत्रणेचे दोन वेगळे धंदे समजून घ्यावेत, कारण बहुतेक गैरसमज या दोहोंच्या सरमिसळीतून होतात. गाडी चालत असताना प्रत्येक फुग्यातील हवा उंची राखणाऱ्या झडपेच्या ताब्यात असते. ही झडप सांगाड्याला बसवलेली असून तिची दांडी अॅक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जोडलेली असते. माणसे बसली, पाण्याची टाकी भरली आणि सांगाडा अॅक्सलच्या जवळ आला की दांडी वळते आणि फुग्यात हवा जाते. ओझे उतरले की तीच झडप जादा हवा बाहेर सोडते. म्हणजे ही झडप सांगाडा आणि अॅक्सल यांमधील अंतर कायम राखते. सांगाडा आणि क्षितिज यांच्याशी तिला काही देणेघेणे नाही. उतारावर उभी केलेली गाडी उताराइतकीच तिरपी राहील आणि झडपेच्या दृष्टीने सारे काही ठीक असेल.

मुक्कामाची बटणे दाबली की या झडपा बाजूला सारल्या जातात आणि विजेवर उघडझाप करणाऱ्या दुसऱ्या झडपांतून आपण स्वतः एकेका बाजूला हवा देतो किंवा काढून घेतो. आपल्या गाडीत पुढचे दोन्ही फुगे एकत्र आणि मागचे डावे-उजवे स्वतंत्र आहेत. ही रचना तीन पायांच्या तिवईसारखी आहे. चार पायांचे टेबल ओबडधोबड जमिनीवर डगडगते, तिवई डगडगत नाही. सांगाड्याला पीळ बसू नये म्हणून मुद्दाम अशी जोडणी करतात. आपल्यासारख्या रचनेत आडवा कल फक्त मागच्या दोन बटणांनी निघतो, म्हणून आधी मागून डावे-उजवे सारखे करावे आणि मग पुढचा भाग उचलावा किंवा उतरवावा. उलट क्रमाने केल्यास पुन्हा पुन्हा तेच करावे लागते.

आता या यंत्रणेची मर्यादा पाहू. फुग्यांची उंची प्रवासाच्या पातळीपासून वर आणि खाली बहुधा सात-आठ सेंटीमीटरच बदलता येते; नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. एक अंश कल म्हणजे प्रत्येक मीटरला पावणेदोन सेंटीमीटर फरक. मागच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.८ मीटर अंतर धरले, तर ३ अंशांच्या आडव्या उतारावर एक बाजू सुमारे साडेनऊ सेंटीमीटर उंच असते. एवढे हवेने निघते, पण मग राखीव फारसे काही उरत नाही. लांबीच्या दिशेने तर हिशेब आणखी तंग आहे : ५ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराच्या) गाडीला ३ अंशांवर २६ सेंटीमीटर लागतील आणि तेवढे कोणताही फुगा देणार नाही. म्हणून माझे मत असे की, हवा ही शेवटची काही बोटे भरून काढण्यासाठी आहे. पहिले काम जागा निवडण्याचे, दुसरे चाकाखाली फळ्या घालण्याचे आणि बटणांचा क्रमांक तिसरा. आपण थेट तिसऱ्यापासून सुरुवात केलीत.

विदर्भात तर जागेचा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा आहे. आपली काळी कपाशीची जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. संध्याकाळी टणक लागलेली ही माती रात्रीच्या पावसानंतर सकाळी लोण्यासारखी होते. चाकाचा भार १५०० किलो आणि टायरचा जमिनीला टेकलेला भाग ३०० चौरस सेंटीमीटर धरला, तर मातीवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब पडतो. तोच भार ३० बाय ६० सेंटीमीटरच्या जाड फळीवर घेतला तर तो एका किलोच्याही खाली येतो. नागपुरात लकडगंजच्या कोणत्याही आरा मशीनवरून दोन इंच जाडीच्या, टायरपेक्षा रुंद, कठीण लाकडाच्या सहा-आठ फळ्या कापून घ्याव्यात. मागे जोडचाके असतील तर दोन्ही टायर फळीवर पूर्ण आले पाहिजेत; एकच टायर फळीवर आणि दुसरा अधांतरी राहिला तर सारा भार एकट्यावर पडतो. आणि आषाढ-श्रावणात शक्यतो मुरमाच्या किंवा फरशीच्या जागेवरच गाडी घालावी, मग मेहुण्यांचा आग्रह बागेशेजारचा का असेना.

प्रत्यक्ष मुक्कामी पोचल्यावर गाडी फळ्यांवर चढवून पार्किंग ब्रेक लावावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी द्याव्यात. इंजिन चालू ठेवून हवेच्या टाक्यांचा दाब पूर्ण होऊ द्यावा. एअर ब्रेक असलेल्या गाडीत ब्रेकच्या टाक्या आधी भरतात आणि त्या पुरेशा भरल्यावरच संरक्षक झडप सस्पेन्शनकडे हवा सोडते, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत बटणे दाबून काहीच हालले नाही तर यंत्रणा बिघडली असे समजू नये. गाडी सरळ झाली की नाही हे पाहण्यासाठी चालकासमोरच्या दिव्यांपेक्षा गवंड्याची पाणसळ अधिक विश्वासाची, आणि ती फ्रीजच्या तळावर एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे अशी ठेवावी. शक्य असेल तेथे उंच बाजूची हवा सोडून गाडी खाली आणावी. कमी भरलेल्या फुग्यांवर उभी असलेली गाडी आत माणसे वावरताना कमी झुलते. भिंतीतून बाहेर सरकणारी खोली गाडीला असेल तर ती गाडी सरळ झाल्यानंतर काढावी आणि निघताना हवेला हात लावण्यापूर्वी आत घ्यावी. कोपऱ्यांचे टेकूही सर्वांत शेवटी, जमिनीला टेकतील इतकेच लावावेत. त्यांचे काम झुलणे थांबवण्याचे आहे, गाडी उचलण्याचे नव्हे.

काही गाड्यांत रात्रभर स्वतःहून पातळी सांभाळण्याची सोय असते. ती मी बंद ठेवतो. मध्यरात्री फुस्स करून हवा सुटते, कॉम्प्रेसर घरघरतो, बॅटरी उतरते, आणि एवढे करून चाक रुतत असेल तर ती यंत्रणा आपली सारी मर्यादा संपेपर्यंत त्याच्या मागे धावत राहते.

आता खाडखाड आवाजाविषयी. सकाळी आपण 'प्रवास' हे बटण दाबले नाही, किंवा दाबून थांबला नाहीत. मागचे फुगे रात्री उतरवलेल्या स्थितीतच राहिले आणि फुगे खाली बसल्यावर सांगाडा ज्यांवर टेकतो त्या रबरी ठोकळ्यांवर तो आपटत गेला. निघण्यापूर्वी टेकू उचलावेत, इंजिन सुरू करावे, दाब पूर्ण झाल्यावर 'प्रवास' दाबावे आणि चारही बाजूंची उंची पूर्ववत झाल्याचे खाली उतरून डोळ्यांनी पाहावे. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीखाली किती बोटे अंतर असते हे एकदा मोजून ठेवले की ते काम अर्ध्या मिनिटाचे आहे. चुकीच्या उंचीवर गाडी चालवली तर टायर कमानीला घासतो, फुग्याची घडी ठोकळ्यात चिमटते आणि प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून त्याच्या क्रॉसवर, म्हणजे वळणाऱ्या सांध्यावर, अवेळी झीज येते. आपण थोडेच अंतर गेलात, तरीही रबरी ठोकळे, शॉकअॅब्सॉर्बरचे बोल्ट, क्रॉस आणि मागच्या फुग्यांच्या घड्या एकदा तपासून घ्याव्यात. समृद्धी महामार्गावर ती गाडी घालण्याचा बेत असेल तर तपासणीनंतरच घालावी.

फ्रीज बहुधा सुखरूप असावा. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचे पाण्यातील द्रावण आणि हायड्रोजन यांचे अभिसरण उष्णतेने आणि गुरुत्वाकर्षणाने होते. नळ्या तिरप्या झाल्या की द्रावण परत वाहत नाही, तापणाऱ्या भागात कोरडेपणा येतो आणि असे दीर्घकाळ चालल्यास गंजरोधक क्षार साचून नळी कायमची तुंबते. अशा फ्रीजना साधारणतः एका दिशेने ३ आणि दुसऱ्या दिशेने ६ अंशांपर्यंत कल चालतो. गाडी धावत असताना हेलकाव्यांमुळे द्रावण हलत राहते, त्यामुळे धोका उभ्या गाडीतच असतो. एका रात्रीने फारसे बिघडत नाही. फ्रीज सरळ स्थितीत ठेवून एक दिवस बंद राहू द्यावा आणि मग पेटवून पाहावा.

प्रश्न : माझे यजमान गाडी बटणाने पूर्ण उंच करतात आणि खाली सतरंजी टाकून तेल गळते का ते पाहायला शिरतात. मी नको म्हटले तर 'फुगे एवढी मोठी बस पेलतात' असे म्हणतात. कोणाचे खरे? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आपले खरे आहे. फुगे बस पेलतात ते नळी, जोड आणि झडपा शाबूत असेपर्यंत. यांपैकी एक निसटली की सांगाडा काही क्षणांत ठोकळ्यांवर येतो आणि उरलेल्या जागेत माणूस मावत नाही. आत कोणी चुकून बटण दाबले तरीही तेच होते. सांगाड्याखाली, गाडीच्या वजनाला पुरेसे लोखंडी स्टँड लावल्याशिवाय आणि किल्ली खिशात घेतल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. नुसता जॅक चालणार नाही, विटा तर मुळीच नाहीत. हे त्यांना वाचून दाखवावे.

प्रश्न : आमची गाडी टेम्पो-ट्रॅव्हलरच्या आकाराची, मागे कमानपाट्यांची आहे. ओझ्याने मागून बसते म्हणून गॅरेजवाल्याने पाट्यांच्या जोडीला दोन फुगे बसवले आणि हवा भरण्यासाठी एकच तोंड दिले. याच फुग्यांनी मुक्कामी गाडी सरळ करता येईल काय? वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते असे मुलगा म्हणतो. — एक वाचक, कामठी

उत्तर : मुलाचे निरीक्षण अचूक आहे. एकाच तोंडाने दोन्ही फुगे जोडलेले असले की वळणावर भार आलेल्या बाजूची हवा दाबली जाऊन मोकळ्या बाजूला जाते. नेमका जेथे आधार हवा तेथून तो निघून जातो आणि गाडी अधिक कलते. दोन्ही फुग्यांना स्वतंत्र नळ्या आणि स्वतंत्र तोंडे करून घ्यावीत; खर्च किरकोळ आहे.

समतल करण्याविषयी सांगायचे तर अशा मदतनीस फुग्यांकडून थोडीच अपेक्षा ठेवावी. गाडीचा मुख्य भार पाट्यांवरच असतो, फुग्यात हवा वाढवली की पाट्यांवरचा भार हलका होऊन ती बाजू दोन-चार सेंटीमीटर उचलली जाते. तेवढ्याने न्हाणीतले पाणी जाळीकडे वळेल, पण उतार निघणार नाही. आपल्या गाडीला हायड्रॉलिक ब्रेक असल्याने हवेची टाकी नाही. छोटा विजेचा पंप जवळ ठेवावा लागेल. फुग्यावर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नये आणि किमान दाबाच्या खाली तर कधीच जाऊ नये, कारण रिकामा फुगा पाट्यांच्या हालचालीत दुमडून फाटतो. सकाळी निघताना दोन्ही बाजूंचा दाब पुन्हा सारखा करावा.

सस्पेन्शनमधला असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येऊ शकतो. बसवण्याआधी विचारायला हवे होते. आता निदान पुढच्या फिटनेस तपासणीपूर्वी आरटीओत विचारून घ्यावे.

प्रश्न : मे महिन्यात अंगणात उभी असलेली आमची मोटरहोम पहाटे खाली बसलेली आणि दुपारी वर आलेली दिसते. फरक बोटभर असतो. चारही फुगे बदलावे लागतील असे एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : कृपा करून थांबावे. गळणारी गाडी दुपारी वर येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे ३० आणि दुपारी ४५ अंश सेल्सिअस तापमान असेल तर हवेचे घनफळ सुमारे ५ टक्के बदलते, कारण गाडीचे वजन तेच असल्याने फुग्यातला दाबही तोच राहतो आणि हवा पसरायला मोकळी असते. फुगा २० सेंटीमीटर उंचीचा असेल तर हा फरक १ सेंटीमीटरच्या आसपास येतो. म्हणजे बरोबर आपले बोटभर. तो चारही कोपऱ्यांत जवळजवळ सारखा असल्यामुळे गाडी वर-खाली होते, तिरपी होत नाही. एका अंगावर दुपारभर ऊन असेल तर किंचित फरक पडतो, तोही झोपेत कळणार नाही एवढा.

खरी गळती शोधायची असेल तर संध्याकाळची आणि सकाळची उंची एकमेकींशी ताडू नये. आज पहाटे सहाला चाकांवरच्या चारही कमानींखालचे अंतर टेपने मोजावे आणि उद्या पहाटे सहालाच पुन्हा मोजावे. मधल्या काळात इंजिन सुरू करू नये, कोणी आत राहू नये आणि पाण्याची टाकीही तेवढीच भरलेली ठेवावी. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि टाकी एका अंगाला असेल तर ती रिकामी होताच ते अंग आपोआप उचलले जाते. चोवीस तासांनी एकच कोपरा खाली आला असेल तर साबणाचा फेस घेऊन आधी नळ्यांचे जोड, मग झडपा आणि शेवटी फुगा तपासावा. माझ्या अनुभवात चोर बहुतेक वेळा जोडातच सापडतो. फुगा बदलण्याची वेळ येते ती त्याच्या रबरी भेगेतून आतला कापडी थर दिसू लागला म्हणजे.

प्रश्न : सर्व्हिसिंगनंतर खालून जुन्या ऑइलचा फवारा मारून घेतो, तो फुग्यांना चालतो का? आणि पावसाळ्यात चार महिने गाडी उभी ठेवायची असेल तर फुगे भरलेले ठेवावेत की रिकामे? — एक वाचक, महाल

उत्तर : फवारा कमानपाट्यांच्या काळातली सवय आहे, फुग्यांना चालत नाही. ऑइल, डिझेल आणि रॉकेल या तिन्हींनी रबर फुगते आणि सैल पडते. फुगे साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि खालच्या घडीत अडकलेला मुरूम मऊ ब्रशने काढावा, कारण तो कानशीसारखा रबर घासत राहतो.

गाडी चार महिने उभी राहणार असेल तर हवा सोडून ती आतल्या रबरी ठोकळ्यांवर बसवलेली चालते, पण टायर फळीवर हवेत. सुरुवातीलाच हवेच्या टाक्यांच्या तळाचे नळ उघडून पाणी काढून टाकावे. पाण्याबरोबर दुधासारखा चिकट द्रव आला तर कॉम्प्रेसर तेल सोडतो आहे असे समजून नागपूरजवळच्या वाडीकडच्या, बस-ट्रकचे काम करणाऱ्या मिस्त्रीला दाखवावे आणि त्याच भेटीत एअर ड्रायरचे (हवेतला ओलावा शोषणाऱ्या यंत्राचे) कार्ट्रिजही बदलून घ्यावे. ऑक्टोबरमध्ये गाडी बाहेर काढताना इंजिन सुरू करून दाब पूर्ण होईपर्यंत थांबावे, 'प्रवास' उंची आल्याचे चारही बाजूंनी पाहावे आणि मगच पाचरी काढाव्यात.